तुम्ही विचारलंत म्हणून: पॉइंटरची झेरॉक्स

"सर, फंक्शनला पॉइंटर पाठवला ना, मग बाहेरचा का नाही बदलला?" पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारं व्हेरिएबल. रत्नागिरीत सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागल्यापासून दर बॅचला हे येतं. मी म्हणतो, सीमध्ये पास बाय रेफरन्स, म्हणजे फंक्शनच्या हातात मूळ व्हेरिएबलच देणं, नाहीच. की लगेच मागच्या बाकावरून गाईड वर होतं: त्यात याचाच, 'कॉल बाय रेफरन्स'चा, आख्खा धडा आहे. असेल. कर्निगन आणि रिची यांच्या 1978 च्या पुस्तकात मात्र सरळ लिहिलंय, सगळे आर्ग्युमेंट, म्हणजे फंक्शनला दिलेल्या गोष्टी, व्हॅल्यूनेच जातात, म्हणजे त्यांची कॉपी जाते. ज्या रिचीने भाषा केली त्याचं ऐकायचं की गाईडचं?

तोऱ्यात सांगतोय खरा, पण मला ते वाचून कळलेलं नाही.

कॉलेजात असताना देवगडच्या मामाला आंबापेट्यांच्या हिशोबाचा प्रोग्राम करून दिला होता. यादीसाठी मॅलॉकने (मेमरीत जागा मागणारं फंक्शन) 50 नोंदींची जागा घेतलेली. ती भरली की माझं एक फंक्शन रिअलॉकने (घेतलेली जागा लहानमोठी करणारं) वाढवायचं. त्याला नोंदींची संख्या & ('याचा पत्ता दे' सांगणारं चिन्ह) लावून द्यायचो आणि यादीचा पॉइंटर तसाच. पॉइंटरच तो, त्याला आणखी & कशाला? एप्रिलभर सुरळीत. रिअलॉकला शेजारीच मोकळी जागा मिळत होती, पत्ता तोच राहायचा, माझी चूक झाकलेली. मे महिन्यात शहाणपणा करून दलालांची वेगळी यादी घातली. ती नेमकी पहिलीच्या पाठीला चिकटून बसली. पुढच्या खेपेला रिअलॉकने सगळा पसारा दुसरीकडे हलवला. नवा पत्ता फंक्शनमधल्या पॉइंटरला मिळाला; मेनमधला, म्हणजे मुख्य फंक्शनमधला, सोडलेल्या जागेकडेच बघत बसला. संख्या तेवढी वाढली, कारण तिला & होतं.

खळ्यात वाशीला जाणारा टेम्पो उभा. स्क्रीनवर 6 पेट्यांच्या जागी उणे दोन कोटींच्या घरातला आकडा. मामाने चष्मा कपाळावर ढकलला. "तुझ्या कॉम्प्युटरान पेटये खाल्ल्यान की काय रे?" ड्रायव्हर खो खो हसला. मामाने वही काढली, टॉर्च तोंडात धरून बेरीज मारली. मी बाजूला उभा. त्या सीझनला त्याने पुन्हा मशीन लावायला सांगितलं नाही.

तीन दिवसांनी मी दोन्हीकडे पत्ता छापून पाहिला. फंक्शनमध्ये एक, मेनमध्ये दुसरा. एवढंच होतं.

सातबाऱ्याची झेरॉक्स घ्या. तिच्यावरचा गट नंबर बघून जमिनीत गेलात आणि कलम तोडलंत, तर ते खरंच तुटतं. पण झेरॉक्सवरचा नंबर खोडून दुसरा लिहिलात तर मामाच्या कपाटातला कागद बदलत नाही. तोच बदलायचा असेल तर कपाट कुठे आहे ते सांगा: पॉइंटरचा पॉइंटर, दोन स्टार. नाहीतर नवा पत्ता रिटर्न करा आणि मेनमध्ये ठेवून घ्या.

"मग अ‍ॅरे कसा बदलतो?" म्हणजे रांगेत मांडलेली घरं. अहो, अ‍ॅरे जातच नाही. त्याच्या पहिल्या घराचा पत्ता जातो, तोही कॉपी होऊन. म्हणून तर फंक्शनच्या आत साईझऑफ, म्हणजे आकार किती बाइट, विचारलंत की 64 बिटच्या मशीनवर पत्त्याचाच आकार, 8, येतं, अ‍ॅरे केवढाही असो.

आता कबुली. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मीही फळ्यावर 'कॉल बाय रेफरन्स' लिहितो, कारण मार्क त्यालाच आहेत. खळ्यात उभा राहिलेला तो पोरगा, तेव्हाचा मीच, मला विचारतो, मग मला कशाला बोल लावतोस? त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मुलं दोन्ही उतरवून घेतात आणि विचारतात, "सर, पेपरात कुठलं लिहायचं?"