बामशी राहून गेलेला सामना

२०२२ च्या ऑगस्ट महिन्यात गोकुळम केरळ क्लबच्या मुली आशियाई महिला क्लब अजिंक्यपद स्पर्धेसाठी ताश्कंदला पोहोचल्या, त्याच सुमारास फिफाने त्रयस्थांच्या हस्तक्षेपाचे कारण देऊन भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले आणि त्या मुलींना एकही सामना न खेळता परतावे लागले. उझबेकिस्तानातील कार्शी शहरात त्यांची गाठ सोगदियाना आणि इराणच्या बाम खातून या संघांशी पडायची होती. निलंबन २६ ऑगस्टला उठले, पण तोवर स्पर्धा हातची गेली होती. माझी भाची तेव्हा बारा वर्षांची होती आणि बेळगावात टिळकवाडीच्या लेले मैदानावर नुकतीच चेंडूमागे धावू लागली होती. मैदानावर न उतरताच संघ परत येतो, हे तिला कितीही समजावून सांगितले तरी पटले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही ते तिला नीट समजावता आले नाही.

म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधील वुहान शहरात कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबचा महिला संघ बाम खातूनसमोर उभा राहिला, तेव्हा आम्ही दोघी मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवून स्वयंपाकघरातच बसलो. संघांची नावे पडद्यावर आली तशी ती म्हणाली, “आत्ती, ही तीच टीम की गं, आपल्या पोरींचं खेळायचं राहून गेलं होतं बघ!” क्लब वेगळा होता, मुली बहुतेक वेगळ्या होत्या, तरी तिच्या दृष्टीने हा तोच राहिलेला सामना होता. शिल्की देवीने सुरुवातीलाच गोल केला, त्यानंतर युगांडाच्या फाझिला इक्वापुट आणि रेस्टी नान्झिरी यांनी एकेक गोल केला, आणि ईस्ट बंगालने तो सामना ३-१ असा जिंकला. या आशियाई स्पर्धेला चॅम्पियन्स लीगचे रूप मिळाल्यानंतर तिच्या गटसाखळीत भारतीय महिला क्लबने मिळवलेला हा पहिला विजय होता. पुढे वुहान जियांगदा आणि उझबेकिस्तानचा नसाफ या दोघांकडून हार पत्करावी लागली आणि गटातून वर जाता आले नाही, परंतु त्याने या विजयाचे मोल माझ्या लेखी कमी होत नाही.

ही स्पर्धा मुळात फार जुनी नाही. युरोपात महिला क्लबांची स्पर्धा २००१ मध्ये सुरू झाली, दक्षिण अमेरिकेत २००९ मध्ये; आशियात मात्र २०१९ साली दक्षिण कोरियातील योंगिन येथे केवळ चार क्लबांना घेऊन प्रयोग म्हणून पहिली स्पर्धा झाली आणि ती जपानच्या निप्पॉन टीव्ही बेलेझाने जिंकली. भारताचा क्लब २०२१ मध्ये जॉर्डनमधील अकाबा येथे प्रथम उतरला. गोकुळमने तिथे दोन सामने गमावले, पण उझबेकिस्तानच्या बुन्योदकोरला ३-१ असे हरवले; त्या गोलांमध्ये पंजाबच्या मनीषा कल्याणचा एक होता आणि गोव्याच्या करिश्मा शिरवोईकरचाही एक होता. चोर्ल्याचा घाट उतरला की आमच्यापासून गोवा किती जवळ आहे, हे बेळगावकरांना वेगळे सांगायला नको, त्यामुळे करिश्माचे नाव आमच्या घरात आजही आपुलकीने घेतले जाते. २०२४ पासून या स्पर्धेला चॅम्पियन्स लीगचे रूप मिळाले. आता पात्रता फेरीनंतर बारा संघांची तीन गटांत विभागणी होते आणि त्यांतील आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जातात. पहिले विजेतेपद वुहान जियांगदाने मेलबर्न सिटीला पेनल्टींवर हरवून मिळवले.

त्याच पहिल्या हंगामात ओडिशा एफसीचा संघ जपानच्या उरावा रेड डायमंड्सकडून १७-० असा हरला. त्या निकालावर पुष्कळ हसणे झाले, आणि ते हसणे मला फार लागले, कारण हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्या सतरा गोलांमागचे गणित मांडून पाहिले असेल. ज्या हंगामाच्या बळावर ओडिशा तिथे गेली, त्या इंडियन विमेन्स लीगमध्ये सात संघ होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला बारा सामने आले. स्वतःच्या मैदानावर एक आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर एक अशा पद्धतीने ती लीग त्याच वर्षी प्रथम खेळवली गेली. त्याआधी सगळे संघ एकाच ठिकाणी जमत आणि काही आठवड्यांत सारे आटोपत असे. जपानच्या लीगमध्ये बारा संघ आहेत, म्हणजे प्रत्येकाला बावीस सामने, आणि त्यांच्याकडे महिलांची राष्ट्रीय लीग १९८९ पासून चालू आहे. आपली २०१६-१७ मध्ये सुरू झाली. सत्तावीस वर्षांचे अंतर नव्वद मिनिटांत कापण्याची अपेक्षा त्या मुलींकडून करणे मला अन्यायाचे वाटते. पुढच्या वर्षी संघ आठ झाले, सामने चौदा झाले, आणि त्या लीगमधून वर आलेल्या ईस्ट बंगालने बामला हरवले. दोन सामने वाढले म्हणून विजय मिळाला असे मी म्हणत नाही, परदेशी खेळाडूंचा त्यात मोठा वाटा आहे. परंतु ज्या मुलीला वर्षभरात मोजकेच सामने मिळतात, तिला सामन्याच्या ऐंशीव्या मिनिटाला काय करायचे हे कोणत्याही सरावाने शिकवता येत नाही, याबद्दल मला शंका नाही.

बामविषयी थोडे अधिक लिहायला हवे. इराणच्या केरमान प्रांतातील हे शहर खजुरासाठी ओळखले जाते. डिसेंबर २००३ च्या भूकंपात ते जवळजवळ जमीनदोस्त झाले होते. लोकसंख्येने ते आपल्या बेळगावपेक्षा पुष्कळ लहान आहे, आणि तरीही त्याच्या नावाचा महिला क्लब इराणची लीग पुन्हा पुन्हा जिंकून आशियात खेळायला जातो. या क्लबचे आधीचे नाव शहरदारी बाम असे होते, आणि अकाबामध्ये गोकुळमला हरवणारा संघही त्याच प्रांतातला, शहरदारी सिरजान. शहरदारी म्हणजे नगरपालिका. हा अर्थ मला कळला तेव्हा मी बराच वेळ तोच विचार करत राहिले, की तिथे मुलींच्या फुटबॉल संघाला नगरपालिकेचे नाव असते.

आमच्या भागात खेळाची आवड कमी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कोल्हापूर आहे, जिथे पेठापेठांचे आणि तालमींचे फुटबॉल संघ भिडतात आणि जिथून एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ २०१९ मध्ये इंडियन विमेन्स लीगमध्ये उतरला होता. पश्चिमेला गोवा आहे. या दोहोंच्या मध्ये आम्ही आहोत, पण नोंदणी कर्नाटकात असल्यामुळे राज्य संघाच्या निवडीसाठी मुलीला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून बेंगळुरूला जावे लागते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कर्नाटकाच्या किकस्टार्ट क्लबने २०२३ मध्ये लीगची अंतिम फेरी गाठली होती, तेव्हा वाट तिकडूनही आहे. अडचण निवडीच्या आधीची आहे. भाचीने वहीत लिहून ठेवल्याप्रमाणे गेल्या वर्षभरात ती पूर्ण वेळेचे फक्त सहा सामने खेळली, आणि ते सगळे दोन स्पर्धांच्या मिळून पाच दिवसांत. उरलेले वर्ष सराव, आणि पावसाळ्यात तोही नाही.

तेव्हा आम्ही काही पालकांनी ठरवले आहे की बक्षिसांची आणि पाहुण्यांची आणखी एक स्पर्धा भरवायची नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चंदगड अशा चार ठिकाणच्या मुलींचे संघ एक आड एक रविवारी एकमेकींच्या गावी जाऊन खेळतील, प्रत्येकीशी दोनदा, म्हणजे प्रत्येक संघाला सहा सामने मिळतील आणि तेही तीन महिन्यांत पसरलेले. चंदगड महाराष्ट्रात असल्याने जिल्ह्याची अधिकृत स्पर्धा म्हणून हे धरले जाणार नाही, पण सामना हा सामनाच असतो. निपाणीच्या मैदानाचे अजून नक्की झालेले नाही आणि खानापूरच्या संघाला गोलरक्षक हवी आहे. पंच म्हणून दोन माजी खेळाडू तयार झाले आहेत. भाचीने वहीत नवे पान काढून पहिल्या सामन्याची तारीख लिहिली आहे आणि प्रतिस्पर्ध्याच्या रकान्यात, चंदगडच्या पोरींना अजून सांगितलेले नसले तरी, कंसात “बाम” असे लिहून ठेवले आहे.