हुंड्याचा कायदा आणि लेकीचा प्रश्न

आज लेकीचा नागरिकशास्त्राचा अभ्यास घेत होते. तिनं विचारलं, "आई, लोकसभेनं मंजूर केलेलं विधेयक राज्यसभेनं अडवलं तर?"

संयुक्त बैठक, एवढं आठवत होतं. पण उदाहरण? शोधायला बसले आणि तासभर त्यातच गुंतले.

आजवर फक्त तीन विधेयकं अशा बैठकीत मंजूर झाली आहेत: १९६१, १९७८ आणि २००२ साली. त्यातलं पहिलं हुंडाबंदीचं! दुरुस्त्यांवरून दोन्ही सभागृहांचं जुळेना, म्हणून मे १९६१ मध्ये सगळे खासदार एकत्र बसले. माझ्या आजीचं लग्न त्याआधीचं. तिच्या वडिलांनी त्यासाठी शेत गहाण टाकलं होतं, हे आमच्याकडे अजूनही हळू आवाजात सांगतात. लेकीला सांगितलं, तर ती गप्पच झाली.

बाकीचं पटकन उरकलं. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाविषयीचं विधेयक, राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवू शकते. घटनादुरुस्तीला मात्र संयुक्त बैठकीची वाटच नाही, दोन्ही सभागृहांनी ती स्वतंत्रपणे मंजूर करावी लागते. ही तरतूद मला फार मोलाची वाटते.

झोपताना लेक म्हणाली, "पणजीला कळलं होतं का गं, असा कायदा झालाय ते?"

उद्या आईला फोन करून विचारणार आहे.