चिमीला उठवताना

आमच्या कुत्रीला, चिमीला ऐकू येत नाही हे आमच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण बाकीची पिल्लं धावली की तीही धावायची. ती एकटी आमच्याकडे आली आणि एकदा ती झोपलेली असताना तिच्या मागेच स्टीलचं ताट पडलं तरी ही हललीसुद्धा नाही, तेव्हा पोटात गोळाच आला. मग टेस्ट केली, त्यात डोक्याला बारीक इलेक्ट्रोड लावून कानात टिकटिक सोडतात आणि मेंदूपर्यंत काही पोचतंय का ते बघतात. दोन्ही कानांची रेघ सपाट.

चिमी पांढरीशुभ्र आहे ना, त्याचाच हा संबंध. कानाच्या आत रंगाच्या पेशी लागतात, त्या नसल्या की पिल्लू ३-४ आठवड्यांचं असतानाच ऐकण्याच्या पेशी मरून जातात. डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांमध्ये हे बरंच दिसतं.

खुणा ती पटापट शिकली, त्याचं मला टेन्शन नव्हतंच. अवघड होतं ते तिला झोपेतून उठवणं. पहिल्यांदा मी सरळ पाठीवर हात ठेवला तर ती इतकी दचकली की माझ्या मनगटाला दात लागले आणि नंतर स्वतःच घाबरून कोपऱ्यात जाऊन बसली, मला खूप वाईट वाटलं तिचं. आता मी आधी तळहात तिच्या नाकासमोर धरते आणि थांबते. आधी नाकपुड्या हलतात, मग एक मिशी, मग डोळे बंद असतानाच शेपूट जमिनीवर एकदा आपटते, की मग खांद्याला हलकेच बोट लावायचं, नेहमी त्याच जागी, आणि लगेच खाऊ. घरी कोणीही आलं, विशेषतः लहान मुलं, तर आधी हे सांगतेच.

बाहेर पट्टा कधीच सोडत नाही, मागून येणारी गाडी तिला कळणार नाही आणि माझी हाकही. व्हायब्रेट होणारा पट्टा आणलाय, तो थरथरला की माझ्याकडे बघायचं एवढंच तिला शिकवलंय. शॉकवाला मात्र कुठल्याच कुत्र्याला घालू नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

आणि घराबाहेर पडताना ती झोपली असली तरी उठवून, तळहात दाखवून 'येते' म्हणून जाते, कारण एकदा न सांगता गेले होते तर जागी झाल्यावर ती सगळ्या खोल्या शोधत फिरली होती म्हणे. तेव्हापासून ती दाराला पाठ लावूनच झोपते, दार जरा हललं की तिला कळतं.