तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी गाडी दुरुस्त करावी की काढून टाकावी?

गॅरेजमध्ये मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "या गाडीवर एवढा खर्च करण्यात अर्थ आहे का?" हातात एस्टिमेटचा कागद असतो आणि पाठोपाठ हमखास दुसरं वाक्य येतं: "गाडीचीच किंमत तेवढी राहिली नाही हो." उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की गाडी काढावी, असा ठोकताळा सगळीकडे ऐकू येतो. मला तो मान्य नाही. गाडीची बाजारातली किंमत ती विकणाऱ्याच्या कामाची. तुम्हाला उद्या सकाळी कामावर पोचायचं आहे. तुमच्या दृष्टीने विचारायचं ते वेगळंच: या पैशांत मला विनाकटकट चालणारे किती महिने मिळतील, आणि तेवढेच महिने दुसऱ्या गाडीत केवढ्याला पडतील?

हिशेब साधा आहे. गाडी आज आहे तशी विकली तर जे हातात येईल, ते दुरुस्तीच्या खर्चात मिळवा, कारण गाडी ठेवली तर तेवढ्या पैशांवर तुम्ही पाणी सोडता. आलेल्या बेरजेला महिन्यांनी भागा. आता दिसेल की गाडीची किंमत कमी असणं हे ती काढून टाकण्याचं कारण नाहीच, उलट ती ठेवणं स्वस्त पडतं. समजा, दुरुस्ती आणि ही विक्रीची रक्कम मिळून नव्या गाडीचे सहा हप्ते होतात. दुरुस्तीनंतर गाडी दोन वर्षं नीट चालली, तर सहा हप्त्यांत चोवीस महिने पदरात पडले. नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षात सर्वांत झपाट्याने उतरते, ती झळ वेगळीच. आणि नव्याऐवजी वापरलेली गाडी घेणार असाल, तर आधीच्या मालकाने तेल वेळेवर बदललं का, इंजिन कधी तापलं होतं का, हे तुम्हाला कोण सांगणार? स्वतःच्या गाडीचा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या लेखी त्याची किंमत फार मोठी आहे.

मात्र सगळी गोम "किती महिने" या आकड्यात आहे. तो अंदाजाने ठरवू नका. माझा आग्रह असा की समोर आलेलं काम करण्याआधी पूर्ण गाडी तपासून घ्या, लिफ्टवर चढवून, खालून. क्लच गेला म्हणून क्लच टाकला, महिन्याने रेडिएटर, मग सस्पेन्शन, असे तुकड्यातुकड्याने पैसे जातात तेव्हा माणसाला निर्णय घेण्याची संधीच मिळत नाही. तपासणीला थोडे पैसे लागतात, ते द्या. मेकॅनिककडून कागदावर लिहून घ्या: आत्ता काय करायलाच हवं, सहा महिन्यांत काय निघेल, वर्ष-दोन वर्षांत काय निघेल.

त्या यादीतून टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, वायपर लगेच वेगळे काढा. ते झिजण्यासाठीच बनलेले असतात आणि दुसरी कुठलीही गाडी घेतलीत तरी तिलाही लागणारच आहेत. शॉकअब्सॉर्बर, बुश, बॉल जॉइंट, अल्टरनेटर, स्टार्टर, वॉटर पंप हेही माझ्या मते म्हातारपण नव्हे. हे भाग बदलता येतात आणि बदलल्यावर तो प्रश्न मिटतो.

खरं म्हातारपण पत्र्यात असतं. आजच्या बहुतेक कारना वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच इंजिन, सस्पेन्शन आणि माणसं पेलतो. गंज त्या सांगाड्यात शिरला की कुठल्याही नव्या पार्टने तो भरून निघत नाही. दाराच्या कडेला रंगाखाली आलेले फोड पाहून लोक घाबरतात. त्याने घाबरू नका, तो गंज बहुधा वरवरचा असतो. दारांखालचे लांब पट्टे, मॅटखालचा फ्लोअर, पुढच्या शॉकअब्सॉर्बरची वरची बैठक आणि सबफ्रेम (इंजिन-सस्पेन्शन पेलणारी खालची चौकट) जिथे बोल्टने जोडलेली असते त्या जागा बघा. मी तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकतो आणि टोकाने दाबून बघतो. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत. बद्द आवाज आला, टोक आत गेलं किंवा पापुद्रे पडले, तर तिथे भार पेलायला फारसं काही उरलेलं नाही. समुद्राजवळ वापरलेल्या किंवा बर्फासाठी मीठ टाकतात अशा रस्त्यांवर चाललेल्या गाडीत हे आधी बघतो, इंजिन नंतर. एका जागी भोक असेल तर वेल्डिंग होतं. पण शॉकअब्सॉर्बरची बैठक आणि पट्टे दोन्ही गेले असतील, तर इंजिन कितीही गोड चालत असो, मी खर्च करू नका म्हणतो. अपघातात हाच सांगाडा तुमच्या आणि समोरच्या गाडीच्या मध्ये असतो.

इंजिनच्या बाबतीत निकाल देण्याची लोकांना फार घाई असते. "गाडी ऑइल खाते, इंजिन गेलं," असं ऐकलं की मी आधी बाहेर कुठे गळतंय का ते बघतो. गळती सीलची असू शकते. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जातंय, आणि ते पुष्कळदा एखाद्या सेन्सरचं किंवा चोंदलेल्या फिल्टरचं काम निघतं. पांढरा, दाट धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि कुठेही गळती न दिसता कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घ्या. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसते, पण नुसत्या तेवढ्यावरून ठरवू नका. थंडीत गाडी जवळच्या अंतरावरच फिरत असेल तर वाफेनेही तशी साय धरते.

संशय असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात. पेट्रोल इंजिनात तो साधारण १० ते १३ बार असतो, पण मी आकड्यापेक्षा सिलिंडरांतला फरक बघतो. तो १५ टक्क्यांपुढे गेला की आत काहीतरी बिघडलंय. मग कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर बहुधा पिस्टनच्या रिंग झिजल्यात, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. फक्त हेड उतरवून भागणारं काम आणि पूर्ण इंजिन खोलण्याचं काम यांच्या खर्चात प्रचंड अंतर आहे, म्हणून ही तपासणी केल्याशिवाय इंजिनवर फुली मारू नका. टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, कधी बदलला तेही विचारा. अनेक इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, आणि काल चांगली चालणारी गाडी आज भंगाराच्या यादीत जाते.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घसरत असेल (इंजिन जोरात फिरतं पण गाडी वेग घेत नाही) आणि त्याचं ऑइल काळं पडून जळका वास येत असेल, तर जुन्या गाडीत मी सहसा खर्च थांबवायला सांगतो. स्कॅनरवर आलेल्या कोडला (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेल्या बिघाडाच्या क्रमांकाला) मात्र इतकं महत्त्व देऊ नका. कोड कुठे शोधायचं ते सांगतो, कुठला पार्ट टाकायचा ते नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या भागाचा) कोड आला म्हणून महागडा कन्व्हर्टर बदलायचा आणि दोष निघायचा ऑक्सिजन सेन्सरचा, असं सर्रास होतं.

"गेल्या महिन्यातच एवढा खर्च केला, आता कशी सोडू?" हेही वरचेवर ऐकतो. गेलेले पैसे धरू नका, पण गाडीत बसलेला नवा क्लच जरूर धरा. त्याचे महिने अजून शिल्लक आहेत.

नीट राखलेलं यंत्र किती चालतं याचा पुरावा हवा असेल तर इर्व्ह गॉर्डन या अमेरिकी शिक्षकाचं उदाहरण आहे. त्यांनी १९६६ सालच्या व्होल्वो पी१८०० वर २०१३ मध्ये ३० लाख मैल, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटर पूर्ण केले. इंजिनचं मोठं काम मध्ये करावं लागलंच, पण रोजची देखभाल त्यांनी कधी टाळली नाही.

इंधनाचा मुद्दा मोजून बघा. लिटरला १२ किलोमीटर देणाऱ्या गाडीऐवजी १८ देणारी घेतली, तर १०,००० किलोमीटरमागे सुमारे २७८ लिटर वाचतात. फिरणं जास्त असेल तर हा फरक मोठा, कमी असेल तर त्यासाठी गाडी बदलू नका.

एका बाबतीत मी पैशांचा हिशेब बाजूला ठेवतो, ती म्हणजे सुरक्षितता. घसरणारी गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा १९९५ मध्ये पहिल्यांदा मर्सिडीजमध्ये आली आणि युरोपात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये सक्तीची झाली. तुमच्या गाडीत ती नसेल, एअरबॅगही नसतील आणि घरातलं नुकतंच शिकलेलं पोर ती चालवणार असेल, तर गाडी ठणठणीत असली तरी मी बदला असंच म्हणेन.

सोडायचं ठरलं तर त्या दिवसापासून ब्रेक, टायर आणि दिवे सोडून कशावरही खर्च करू नका. विकताना घेणाऱ्याला तपासणीचा कागद दाखवा. भंगारात देणार असाल तर मूळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गाडीला आहे हे आधी सांगून भाव विचारा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे महागडे धातू असतात.