पुडीत नेमकं असतं काय?

'झाडपाल्याचंच तर औषध, त्याची कसली तपासणी करायची?' मी औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते हे कळलं, की हा प्रश्न येतोच. त्यातून दम्याचं औषध असलं की जास्तच, कारण कोजागरीला दुधातून दम्याचं औषध घेऊन आलेलं कुणी ना कुणी सगळ्यांच्या ओळखीत असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. झाडपाल्यात गुण असतो, म्हणून तर तपासायचं. अडुळसाच घ्या. त्याच्या पानांतल्या व्हॅसिसिनवरून ब्रोमहेक्सिन तयार झालं आणि आज ते खोकल्याच्या कितीतरी सिरपांत असतं. पण त्याच व्हॅसिसिनने गर्भाशय आकुंचन पावतं, म्हणून गरोदर बाईला अडुळसा देत नाहीत. धोतऱ्याच्या पानांची विडी दम्यावर ओढत असत. श्वास मोकळा व्हायचा हे खरं, पण प्रमाण थोडं चुकलं की माणूस बरळायला लागतो.

आणि पुडीत झाडपालाच आहे हे तरी कशावरून?

शेजारच्या काकूंनी एकदा काकांची पुडी माझ्या हातात दिली. 'इतक्या वर्षांचा दमा आठ दिवसांत थांबला गं!' तपकिरी चूर्ण, सुंठ-पिंपळीचा वास. पुडीवर ना घटक, ना परवाना क्रमांक. साहेबांना विचारून मी ते मिथेनॉलमध्ये ढवळलं, गाळलं आणि सिलिकाच्या प्लेटवर त्याचा ठिपका दिला. शेजारी शुद्ध डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा. प्लेटवर द्रावक चढवून, वाळवून ती यूव्ही दिव्याखाली धरली. हिरवट उजेडात दोन काळे डाग, अगदी एका उंचीवर, म्हणजे बहुधा पदार्थ तोच. मग एचपीएलसी या आणखी नेमक्या चाचणीतही तेच आलं. स्टेरॉइड.

काकांचा चेहरा गोल झाला होता, साखर वाढली होती. 'तब्येत सुधारली' म्हणून सगळे खूश होते. मला त्या रात्री झोप लागली नाही. रोज स्टेरॉइड घेणाऱ्याने ते एकदम बंद केलं तर जिवावर बेतू शकतं, म्हणून सकाळी सहालाच त्यांचं दार वाजवलं. 'पुडी फेकू नका, ती घेऊनच छातीच्या डॉक्टरांकडे चला.'

परवाना असलेल्या औषधांचंही थोडं सांगते. 2010 साली औषधांच्या नियमांत आलेल्या नियम 158 बी प्रमाणे आयुर्वेदाच्या ग्रंथात सांगितलेलं औषध त्याच उपयोगासाठी बनवायचं असेल, तर सुरक्षिततेचा वेगळा अभ्यास मागत नाहीत. ग्रंथ जुना आहे, पण आजची जमीन आणि आजचं पाणी त्या काळचं नाही. शिसं 10 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत 10 भागांच्या, आत आहे की नाही, हे दर बॅचला बघायलाच हवं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदिक उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं.

काकांचं स्टेरॉइड डॉक्टरांनी हळूहळू उतरवलं. आता ते नियमाने पंप घेतात. डॉक्टरांना विचारून काकू अंगणातल्या अडुळशाचा रसही देतात, मधातून.