बाळी की घड?

मे महिन्यात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत बघण्यासारखं काय असतं? एप्रिलची खरड छाटणी झालेली, कोवळ्या काड्या मांडवाच्या तारांकडे निघालेल्या, घडाचा पत्ता नाही. पण पुढच्या हंगामाचे घड ठरतात ते याच उन्हात, काडीच्या डोळ्यातल्या एका उंचवट्यात. तो सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

या उंचवट्याची बाळीही होते, म्हणजे आधाराला गुंडाळणारा वेलीचा तंतू, आणि घडही. सायटोकायनिन आणि जिबरेलिन ही वेलीतली दोन संप्रेरकं. सायटोकायनिन वरचढ ठरलं तर तो फुटत-विभागत घड होतो, जिबरेलिन वरचढ ठरलं तर बाळी. पिनो म्यूनिए वाणापासून मिळवलेली एक बुटकी वेल जिबरेलिनला दादच देत नाही. तिच्यावर बाळ्यांच्या जागी घड लागतात! २००२ साली तिच्यातला बदललेला जनुक सापडला. तो निघाला हरितक्रांतीच्या बुटक्या गव्हातल्या जनुकाचा भाऊबंद.

म्हणून तर सात पानांवर शेंडा मारून सबकेन (काडीला फुटणारी उपकाडी) काढायची, नत्र आवरायचं, छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांच्या टप्प्यात ६-बीए हे सायटोकायनिन फवारायचं. सगळी भिस्त फवारणीवर ठेवणाऱ्यांचं मात्र नवल वाटतं. पानांच्या गर्दीत डोळ्याला ऊनच मिळालं नाही, तर औषध तरी काय करणार? ऑक्टोबर छाटणीनंतर मग बाळ्याच फुटतात, फार तर गोळीघड, म्हणजे अर्धवट राहिलेले घड.

फुलाचे अवयव घडतात ते या दुसऱ्या छाटणीनंतर. तिथे जनुकांचे ए, बी, सी असे तीन गट कामाला लागतात: एकट्या ए-ने निदलं, ए-बी मिळून पाकळ्या, बी-सी मिळून पुंकेसर, एकट्या सी-ने बीजांडकोश. १९९१ साली मांडलेलं हे गणित द्राक्षालाही बऱ्यापैकी लागू पडतं. फक्त इथल्या पाच पाकळ्या शेंड्याला चिकटलेल्या असतात आणि देठाकडून सुटतात. फुलोऱ्यातल्या घडाखाली तळहात धरून हलकी टिचकी मारा, हिरव्या टोप्या झडतात.

थॉम्पसन या बिनबियांच्या द्राक्षात फलनही होतं, बरं का. बी धरतं आणि मधेच जिरतं, कारण एजीएल-११ या जनुकाच्या प्रथिनातलं एक अमिनो आम्ल बदललेलं आहे. मणी फुगवणारी संप्रेरकं बियांकडूनच यायची. बीच नाही म्हटल्यावर मणी बारीक राहतात. मग मणी ३-४ मिलिमीटरचे झाले की घड जीएच्या द्रावणात बुडवायचे, ६-७ मिलिमीटरला पुन्हा एकदा. जीए म्हणजे जिबरेलिनच, मे महिन्यात डोळ्यात नको असलेलं.