प्रायमर पाहून दाब कळत नाही

मॅग्नम (म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार) रिव्हॉल्वरची काडतुसे घरी भरणाऱ्यांमध्ये एक समजूत फार रुजलेली आहे, ती अशी की झाडल्यानंतर प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या, पावडर पेटवणाऱ्या छोट्या टोपीच्या) कडा गोलसर राहिल्या आणि पुंगळ्या, म्हणजे रिकामी पितळी आवरणे, सिलिंडरमधून (रिव्हॉल्वरच्या फिरत्या नळकांड्यातून) सहज निघाल्या तर दाब मर्यादेत आहे आणि पावडर आणखी थोडी वाढवायला हरकत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या मावसभावाने अलीकडे फोनवर मला नेमके हेच विचारले. मुंबईत आम्ही वरळीच्या रेंजवर सराव करणारी मंडळी कारखान्यातलीच काडतुसे वापरतो, कारण आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे गुन्हा आहे. तरीही माझी सारी नोकरी दाबपात्रांच्या तपासणीत गेल्यामुळे हा प्रश्न मला सोडून देववेना.

.३५७ मॅग्नम या रिव्हॉल्वरच्या काडतुसासाठी अमेरिकी उद्योगाने ठरवलेली दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड) आहे, तर .३०० विंचेस्टर मॅग्नम या रायफलच्या काडतुसाची ६४,००० पीएसआय. पितळ पसरणे, पुंगळीच्या बुडावर चकचकीत ठसा उमटणे ही लक्षणे सहसा रायफलच्या मर्यादेच्याही वर गेल्यावर दिसतात. म्हणजे रिव्हॉल्वरमध्ये ती दिसेपर्यंत थांबणारा माणूस मर्यादा कधीच ओलांडून गेलेला असतो. प्रायमर किती चपटा होतो हे त्याच्या कपाच्या कठीणपणावर आणि काडतुसाच्या मागे किती मोकळी जागा आहे यावरही ठरते, त्यामुळे तो साक्षीदार म्हणून मुळातच कच्चा आहे. शिवाय अनेक सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्वरमध्ये सिलिंडर अडवणाऱ्या खाचा नेमक्या चेंबरच्या (काडतूस बसते त्या पोकळीच्या) माथ्यावर येतात आणि तिथेच पोलाद सर्वांत पातळ असते. ज्या पात्राला दाबमापक नाही त्याचा दाब अंदाजाने वाढवायला माझ्या क्षेत्रात कोणीही परवानगी दिली नसती.

म्हणून मी त्याला सांगितले की प्रयोगशाळेत दाब मोजून छापलेल्या पावडरीच्या प्रमाणांच्या तक्त्यापलीकडे जाऊ नये. गोळी, प्रायमर आणि पुंगळी तक्त्यातलीच घ्यावी, सुरुवात तक्त्यातल्या किमान प्रमाणापासून करावी आणि गोळीचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावावा. तेवढ्याच लांबीच्या नळीतून तक्त्यापेक्षा जास्त वेग मिळू लागला तर तो वाढलेल्या दाबातूनच आलेला असतो, मग प्रायमर काहीही सांगो. मात्र कमी पावडर म्हणजे नेहमीच जास्त सुरक्षितता, असेही नाही. एच-११० सारखी संथ जळणारी पावडर तक्त्यातल्या कमाल प्रमाणापेक्षा तीन टक्क्यांहून अधिक कमी करू नये, अशी उत्पादकाचीच सूचना आहे. ती नीट पेटली नाही तर गोळी नळीत अडकू शकते आणि त्यामागून झाडलेली दुसरी गोळी नळी फाडू शकते. आवाज किंवा धक्का हलका वाटला, तर पुढचा बार काढण्याआधी नळी तपासलीच पाहिजे.

.३५७ मॅग्नम १९३५ साली आले तेव्हा त्याची पुंगळी .३८ स्पेशल या आधीच्या, कमी दाबाच्या काडतुसापेक्षा सुमारे एक अष्टमांश इंच लांब ठेवली गेली, जेणेकरून ती जुन्या, कमी दाबाच्या रिव्हॉल्वरमध्ये बसूच नये. नुसत्या लांबीने धोका टाळण्याची ही रचना मला अभियंता म्हणून मनापासून आवडते.

रायफलच्या पट्टेदार मॅग्नममध्ये, म्हणजे पुंगळीच्या बुडाशी उंच पितळी कडे असलेल्या काडतुसांमध्ये, दुखणे वेगळे आहे. १९१२ च्या .३७५ एच अँड एच या काडतुसाने रूढ केलेला हा पट्टा काडतुसाला चेंबरमध्ये अडवून धरतो, त्यामुळे खांद्यापाशी (पुंगळी गळ्याकडे निमुळती होते तिथे) थोडी ढिलाई खपून जाते. भरणारा दर वेळी खांदा पूर्ण मागे दाबत राहिला, तर प्रत्येक बाराला पितळ पट्ट्याच्या जरा पुढे ताणले जाते आणि शेवटी पुंगळी तिथून तुटते. झाडलेल्या पुंगळीच्या मापापेक्षा खांदा इंचाचा एक-दोन हजारांश भागच मागे न्यावा आणि टोक वाकवलेल्या तारेने आतली भिंत चाचपावी. खाच लागली तर ती पुंगळी मोडीत काढावी.

आणि उष्णता. कॉर्डाइट या जुन्या ब्रिटिश पावडरीच्या काळात ब्रिटिश कारखाने भारत आणि आफ्रिकेसाठी मुद्दाम कमी भरणीची काडतुसे बनवत, कारण तापलेल्या कॉर्डाइटचा दाब वाढतो. आजच्या बऱ्याच पावडरींमध्येही हा गुण कमी-अधिक प्रमाणात आहे. भावाने हिवाळ्यात कमाल मर्यादेजवळ नेलेली भरणी त्याने उन्हाळ्यात पुन्हा किमान प्रमाणापासून तपासावी आणि भरलेली काडतुसे उन्हात उभ्या गाडीत कधीही ठेवू नयेत, एवढे मी त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे.